राजा, तेल तापवू नकोस

लाकडाला घाम फोडणारी बाई अख्ख्या शहरात एकच होती, आणि तिच्या सख्ख्या भावानं तिला पाहुण्यांसाठी चहा आणायला पिटाळलं. ठिणगी पडली ती तिथं.

तिला सगळे ताईच म्हणत. वखारीतले हमाल ताई म्हणत, लाकूड विकायला येणारे तिच्या बापाच्या वयाचे म्हातारे ताई म्हणत. फक्त भावाची बायको रीतसर 'वन्सं' म्हणे. वडिलांची लाकडाची वखार होती, तिथं करवत दिवसभर किंचाळायची आणि भुशाचे डोंगर साचायचे. लोक तो भुसा फुकट घेऊन जा म्हटलं तरी नेत नसत. ताईनं त्या भुशाशी सूत जमवलं. शेडच्या मागं, जुन्या बॉयलरचं पोट, दुधाच्या डेअरीतून भंगारात निघालेल्या चकचकीत नळ्या आणि एक मोडकं घड्याळ, एवढ्या भांडवलावर तिनं भट्टी उभी केली. घड्याळ कशासाठी, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "चालू घड्याळ घाई करतं. हे गप्प बसतं."

भट्टीचं काम ऐकायला सोपं. भुसा वाळवायचा, इतका, की मुठीत धरला तर तळहाताला तहान लागावी. मग भट्टीच्या पोटात हवा शिरू द्यायची नाही आणि आतल्या तापल्या वाळूवर तो भुसा सोडायचा. हवा नाही म्हणून त्याला पेट घेता येत नाही आणि आच इतकी की आहे तसं राहताही येत नाही. बिचाऱ्या लाकडाची एका शिंकेत वाफ होते. ती वाफ थंड नळ्यांवर आपटली की खाली तेल ठिबकतं. काळपट तांबूस, धुराच्या वासाचं आणि आंबट. आंबट म्हणजे किती? पहिल्या वर्षी ताईनं ते लोखंडी बादलीत भरून ठेवलं, तर पंधरवड्यात बादलीची चाळणी झाली. पुढं घरात पीठ चाळायला तीच चाळणी वापरत, आणि भाकऱ्या बिघडल्याची एकही तक्रार आली नाही.

पण तेल काढणं ही अर्धीच गंमत. ते टिकवणं हे खरं दुखणं. लाकडाचं तेल तापट माणसासारखं असतं. वरून पातळ, हसतमुख, आणि आत सारखं काहीतरी घट्ट होत असतं. आज पाण्यासारखं वाहणारं तेल काही दिवसांनी काकवीसारखं होतं आणि एक दिवस डांबर होऊन बसतं. ताईनं त्याच्या मागं उमेदीची वर्षं घालवली तेव्हा तिला त्याची खोड सापडली. वाफेबरोबर कोळशाची बारीक भुकटी उडून येते, तीच तेलाला विरजणासारखी लागते. सालीची राखही तोच उद्योग करते. म्हणून ती साल काढलेलंच लाकूड घेई. वाफ गरम असतानाच तिला एका जाळीदार गाळणीतून काढी, भुकटी तिथंच अडवी, आणि तेल ताजं असतानाच त्यात थोडं स्पिरिट मिसळी. असं तेल वर्षभर शहाण्यासारखं वागायचं.

भाऊ तिच्याहून पुष्कळ लहान. आईनं लाडानं ठेवलेलं नाव कधीच मागं पडलं होतं, राहिलं होतं ते बाळ्या. बाळ्याला लाकडातलं काही कळत नव्हतं, पण बोलण्यात असा वाकबगार की ओल्या लाकडाला सुकं म्हणून विकावं आणि घेणाऱ्यानं वर आभार मानावेत. वडिलांनी वखार त्याच्या नावावर केली होती, कारण ताई लग्न होऊन जाणार असं घरात सगळ्यांनी ठरवलं होतं. ताईनं मात्र तसं काही ठरवलं नव्हतं. ती राहिली. तो बोलायचा, ती भट्टी लावायची. बरं चाललं होतं.

मग शहराचे नगराध्यक्ष भट्टी बघायला आले. सोबत दहा-पाच मोठी माणसं, सगळ्यांचे बूट असे की भुशात पाय टाकताना जीव वरखाली व्हावा. ताई नुकतीच गाळणी झाडून आली होती. तोंड काळं, हात काळे, डोळे तेवढे पांढरे. नगराध्यक्षांनी काचेच्या बाटलीतलं तेल उन्हात धरलं, हलवलं आणि म्हणाले, "वा! हे डोकं कुणाचं?"

बाळ्या एक पाऊल पुढं आला. "आपलंच आहे साहेब. भट्टी मीच बनवली. रात्रीचा दिवस केला."

"आणि या बाई?"

"ही आमची ताई. चहा फक्कड करते. ताई, पाहुण्यांना चहा आण ना."

ताईनं चहा आणला. पुढं तिला सगळ्यात जास्त जाळलं ते ह्यानंच. भावानं थाप मारली हे एक वेळ सोडून देता आलं असतं, तो जन्मजात थापाड्या होता. पण आपण निमूट आत गेलो, पातेलं चढवलं, कपबशा विसळल्या आणि वर कुणाला साखर कमी हवी का ते विचारलं! त्या दिवशी तिच्या पोटात जी आग पडली तिच्यावर भट्टी महिनाभर चालली असती.

आठवडा गेला नाही तोच शेडला नवं कुलूप. ताईनं विचारलं तर बाळ्या भिंतीकडं बघत म्हणाला, "ताई, तुझं वय झालं आता. धूर, उष्णता... आराम कर. मी आहे ना."

"भट्टी तुला कळते?"

"त्यात काय कळायचंय? भुसा घातला की तेल येतं."

ताईनं ट्रंक उचलली आणि बाजारातल्या इस्त्रीवालीच्या दुकानावर एक खोली होती, तिथं राहायला गेली. इस्त्रीवाली तिची जुनी मैत्रीण, जिभेनंही इस्त्री करणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गरम इस्त्री ओल्या कापडावर चर्रकन टेकवली.

"वाळू टाक त्याच्या तेलात. नाहीतर मीठ टाक. नाहीतर मला सांग, मी त्याच्या सदऱ्यांवर ही इस्त्री विसरते."

"नको," ताई म्हणाली. "मला त्याचं नुकसान नकोय. त्याचं तोंड हवंय. ज्या तोंडानं म्हणाला 'मी बनवली', त्याच तोंडानं, त्याच लोकांसमोर म्हणायला हवा की भट्टी ताईची. तेवढं ऐकल्याशिवाय मी मरायची नाही."

"मग शंभर वर्षं जगशील बाई."

"जगेन."

तिचा मुहूर्त भंगारवाल्याच्या दारात लागला. एक दिवस ती तिथून चालली होती, तर ढिगात ओळखीचं काहीतरी चमकलं. तिची गाळणी! वाफ गाळायची, तीच. एका बाजूला ताईनं स्वतः मारलेलं ठिगळ होतं. भंगारवाला म्हणाला, "तुमच्या भावानंच दिली. म्हणाला, सारखी तुंबते, तेलाची धार बारीक होते. काढून टाकल्यावर दुप्पट तेल निघतंय म्हणे."

ताई हसली. भंगारवाला नंतर बरेच दिवस सांगत असे की ते हसू बघून त्याच्या तराजूचा काटा आपोआप हलला.

गाळणी तिनं घरी नेली, घासूनपुसून भिंतीवर टांगली, जिथं लोक वाडवडिलांच्या तसबिरी लावतात तिथं. मग ती चौकशीला लागली. कळलं ते असं: बाळ्यानं सालीसकट लाकूड घालायला सुरुवात केली होती, कारण साल सोलायला माणसं लागतात. स्पिरिट बंद केलं होतं, कारण "तेलाला दारू पाजायची चैन आपल्याला परवडत नाही." आणि शहराच्या नव्या पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवायचं काम त्यानं मिळवलं होतं. तलावाच्या तळघरात मोठी टाकी बसली होती, ती त्यानं काठोकाठ भरलीही होती. थंडी पडली की थाटात उद्घाटन. नगराध्यक्ष स्वतः पहिली उडी मारणार, वाफाळत्या पाण्यात, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं.

तलावाचा रखवालदार इस्त्रीवालीचा मावसभाऊ निघाला. त्याच्याकरवी ताईनं टाकीतल्या तेलाची एक बाटली मागवली आणि खिडकीत ठेवली. शेजारी स्वतःच्या जुन्या तेलाची बाटली. रोज सकाळी दात घासून झाले की दोन्ही बाटल्या आडव्या करायची. तिचं तेल चहासारखं पटकन धावत झाकणाशी येई. भावाचं तेल पहिल्यांदा चाललं. मग रांगायला लागलं. मग म्हाताऱ्यासारखं एकेक पाऊल टाकू लागलं. ताई त्याच्याशी बोलायची. "ये बाळ्या, ये. सावकाश ये. घाई नाही." लोकांना सकाळी देवाचं नाव घेऊन जे समाधान मिळतं, ते तिला ह्या बाटलीतून मिळायचं.

इस्त्रीवाली एकदा जिना चढून बघायला आली. "आता हे असंच घट्ट होऊन बसणार?"

"इतक्या लवकर नाही. थंड तळघर आहे, अजून वेळ आहे त्याला. आजही जाळलं तर जळेल. स्पिरिट मिसळलं तर आणखी सरळ होईल."

"मग तुझा सूड कसला?"

"एकच गोष्ट त्यानं केली की झालं. तापवलं पाहिजे." ताईनं बाटली सरळ केली. "दुसरं कुठलंही तेल, तूप, डांबर घट्ट झालं की माणूस काय करतो? गरम करतो. हे उलट्या काळजाचं आहे. टाकीत तापवत ठेवलं की हे आधी भुलवल्यासारखं थोडं पातळ होतं, आणि मग असं बसतं की छिन्नीनं काढावं लागतं. बर्नरच्या तोंडाशी जाळताना तेवढं थेंबभर गरम करायचं असतं, बाकी टाकीला हातही लावायचा नाही."

"आणि तो तापवेल कशावरून?"

ह्याचं उत्तर ताईकडं तेव्हा नव्हतं. ते जिना चढून आपणहून आलं.

उद्घाटन तोंडावर आलं तेव्हा एका दुपारी बाळ्या बायकोला घेऊन खोलीत हजर. नवा सदरा, नवे बूट, आणि चेहरा शाळेत मार खाऊन आलेल्या पोराचा. भिंतीवरच्या गाळणीकडं त्याचं लक्ष गेलं, पण त्याला वाटलं असेल काहीतरी शोभेचं.

"बस," ताई म्हणाली.

"बसायला वेळ नाही." आणि बसला. "ताई, तेल जरा... म्हणजे तसं काही नाही. पण जरा जड झालंय. पंप कण्हतो."

"पळीनं वाढावं लागतंय, वन्सं," बायको म्हणाली. "मी म्हटलं ह्यांना, कशाला आढ्यता? ज्यांचं त्यांना विचारा."

"तू गप गं. ताई, तू कधी जड झालेलं पातळ केलं होतंस का?"

आता ताईची कित्येक आठवड्यांची तयारी होती. खोटं काय सांगायचं त्याचे तिनं नाना नमुने शिवून ठेवले होते. ती तोंड उघडणार, तेवढ्यात बाळ्यानं बसल्या बसल्या डावा पाय उजव्या पायावर टाकला, आणि तो पाय बघून तिला एकदम सगळं दिसलं.

त्या पायाची गोष्ट अशी. बाळ्या चड्डीत असताना वखारीत चालत्या करवतीच्या तोंडी पाय सरकवून उभा होता. ताईनं शेडच्या दुसऱ्या टोकाकडून अशी आरोळी ठोकली, "बाळ्याऽऽ! पाय मागं!" की तीन गल्ल्यांतल्या लोकांनी आपापले पाय मागं घेतले. बाळ्याचाही वाचला. आणि त्याच वयातली दुसरी गोष्ट: ताई फडताळाकडं बोट दाखवून गोड आवाजात म्हणायची, "राजा, ती बरणी उघडू नकोस हं, कडू औषध आहे." बरणीत साखर असायची. बाळ्याला ते एकदा कळलं आणि त्यानं आयुष्यभराचा नियम करून टाकला. ताई ओरडली तर ते खरं. ताई गोड बोलली तर फसवते आहे, सांगेल त्याच्या उलट करायचं. ह्या नियमानं त्याचं कधीच नुकसान झालं नव्हतं, म्हणून तो नियम आहे हेही तो विसरला होता. ताई विसरली नव्हती.

खोटं बोलायची गरजच नव्हती. तिनं पदरानं हात पुसले, भावाजवळ जाऊन बसली आणि आवाजात साखर विरघळवली.

"राजा, तेल तापवू नकोस."

बाळ्याची मान किंचित तिरकी झाली.

"टाकी अशीच थंड राहू दे. स्पिरिट आण, हळूहळू मिसळ, ढवळ. आणि लवकर जाळून टाक. तापवलंस तर दगड होईल बरं का, माझ्या सोन्या."

"तापवायचं नाही."

"मुळीच नाही."

"दगड होईल?"

"अगदी दगड."

बाळ्यानं बायकोकडं बघितलं. बायकोनं ताईकडं बघितलं. "वन्सं, खरं सांगताय ना?"

"अगं, लेकरा, माझ्या सख्ख्या भावाशी मी खोटं बोलेन का?" ताई म्हणाली. आणि ती खरोखरच बोलली नव्हती. जे होतं ते जसंच्या तसं, काना-मात्रा न बदलता सांगितलं होतं. फक्त ओरडली नव्हती.

जिना उतरताना खालून बाळ्याचा आवाज आला, "तू ताईला ओळखत नाहीस. एवढी गोड बोलली म्हणजे नक्की काळंबेरं. दगड होईल म्हणे! तेल गरम केल्यावर दगड होतं कधी? आजच हीटर लावतो."

वर ताईनं दोन्ही बाटल्या आडव्या केल्या. वाईट वाटत होतं का? वाटत होतं, अगदी नखाएवढं. तिनं चहाचं ते पातेलं आठवलं, आणि नखही गेलं.

उद्घाटनाला सगळं शहर लोटलं. हवा अशी की बोललेला शब्द तोंडासमोर गोठून पडावा. तलावाभोवती खुर्च्या, बँडवाले, आणि पुढच्या रांगेत तीच मोठी माणसं, त्याच चकचकीत बुटांत. ताई मागं उभी राहिली. काखेत पिशवी, पिशवीत स्पिरिटचा डबा आणि एक जाड ब्रश. इस्त्रीवालीनं विचारलं, "हे कशाला?"

"चिकटलेलं सोडवायला."

"कोण चिकटणार आहे?"

"बघू."

नगराध्यक्ष पट्ट्यापट्ट्यांच्या पोहण्याच्या चड्डीत व्यासपीठावर चढले. माणूस वजनदार, शब्दाला आणि तसाही. भाषणात म्हणाले, "हे पाणी आपल्याच लाकडाच्या भुशानं तापलं आहे!" टाळ्या झाल्या. पाण्यावर वाफ काही दिसत नव्हती. तळघरातून रखवालदार धावत आला आणि कानाशी कुजबुजला, "साहेब, पाच मिनिटं थांबायचं म्हणतात." पण नेमका तेव्हाच बँडवाल्यांनी ढोल बडवला, आणि ढोल वाजल्यावर न उडी मारणारा पुढारी अजून जन्माला यायचाय.

उडी पडली. पुढच्या दोन रांगा भिजल्या. नगराध्यक्ष पाण्याखाली गेले आणि वर आले ते एका सुरासकट. असा सूर, की चांगल्या गवयाला हाडं झिजवूनही लागला नसता. क्लॅरिनेटवाल्यानं तो सूर पकडायचा प्रयत्न केला, वाद्य तडकलं. नगराध्यक्षांच्या मिशा दात घासायच्या ब्रशासारख्या ताठ उभ्या राहिल्या होत्या. चौघांनी ओढून बाहेर काढलं, ब्लँकेटात गुंडाळलं, तेव्हा त्या गाठोड्यातून पहिला स्पष्ट शब्द आला: "कुठाय तो?"

गाठोडं, पाहुणे आणि निम्मं शहर तळघराच्या पायऱ्या उतरलं. ताई गर्दीतून वाट काढत सगळ्यांच्या आधी पोहोचली.

हीटर रात्रंदिवस चालला होता. वर आंबट पाणी सुटलं होतं आणि खाली तळाशी टाकीभर काळा गोळा. पंपानं तो चोखायचा प्रयत्न केला आणि जीव सोडला. मग बाळ्यानं स्वतः खालचा व्हॉल्व्ह उघडला. आधी काहीच आलं नाही. नंतर एक काळी, कोमट जीभ हळूच बाहेर आली, जमिनीवर पसरली आणि गार फरशीला लागताच धरू लागली. बाळ्यानं तिच्यात एक पाय टाकला. तो सोडवायला दुसरा टाकला. दोन्ही सोडवायच्या नादात बदकन खाली बसला. आता तो तिथंच बसला होता, हात टेकून, आणि हातही तिथंच होते. बूट, विजार, तळवे सगळं जागच्या जागी पक्कं. आजूबाजूला तो गोळा चकाकत होता, जणू कुणी त्याला काळ्या काचेच्या ताटात वाढलाय.

पायऱ्यांवर कुणीतरी खोकल्यासारखं केलं आणि हशा फुटला.

"ताई!" बाळ्यानं मान वर केली. "ताई, ओढ मला!"

ताईनं पिशवीतून डबा काढला. झाकण फिरवलं. स्पिरिटचा वास तळघरभर पसरला. ती भावासमोर उकिडवी बसली आणि ब्रश डब्यात बुडवून तसाच धरला.

"ह्यानं सुटतं," ती म्हणाली. "फार गोठलं की मग मात्र सुटायला वेळ लागतो. गार होत चाललंय नाही?"

"ताई, लाव ना!"

"लावते. भट्टी कुणाची?"

बाळ्यानं वर बघितलं. पायऱ्यांवरून गाठोडं थंडीनं दात वाजवत बघत होतं.

"काय विचारतीस... घरात बोलू."

"माझं घर ती शेड. तिला तू कुलूप लावलंयस." ताईनं ब्रश झटकला, एक थेंब त्याच्या बुटाजवळ पडला, आणि तेवढ्याच जागी काळं थोडं मऊ झालं. "भट्टी कुणाची?"

"वन्सं विचारतायत तर सांगा की!" बायको पायऱ्यांवरून कडाडली. "मी म्हटलं होतं, तापवू नका. मी म्हटलं होतं की नाही?"

"आपली," बाळ्या म्हणाला.

ताईनं डब्याचं झाकण लावायला घेतलं.

"तुझी! तुझी! ताईची!" बाळ्या ओरडला, आणि एकदा सुटलं म्हटल्यावर त्याला आवरेना. "भट्टी ताईची, गाळणी ताईची, तेल टिकवायची युक्ती ताईची! मला काही येत नाही! मी नुसता बोलतो!"

"त्यांना सांग. मला माहीत आहे."

त्यानं पायऱ्यांकडं तोंड करून पुन्हा सगळं म्हटलं. चकचकीत बुटांनी ऐकलं. गाठोड्यानं ऐकलं आणि विचारलं, "मग त्या दिवशी चहा आणला होता, त्या ह्याच?"

"ह्याच," ताई म्हणाली, आणि ब्रश फिरवायला लागली. हात सुटले, बूट सुटले. विजारीचा मागचा भाग मात्र सुटेना. तो तिनं इस्त्रीवालीनं पुढं केलेल्या कात्रीनं कापून फरशीलाच ठेवला. अजूनही तिथं आहे, तलावावर जाणारे दाखवतात. भाऊ सदरा मागं ओढत उठला तेव्हा ताईनं त्याला नीट उभं केलं, खांद्यावरची धूळ झटकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली:

"बाळ्या, पाहुणे गारठलेत. जा, चहा आण."

तो गेला. साखर कुणाला कमी हवी तेही विचारून आला.

कुलपाची किल्ली बायकोनंच आणून दिली. टाकी, पंप, नळ्या साफ करायला मात्र ताईला सगळा हिवाळा लागला. सूड घेताना तिनं हिशेबात धरलं नव्हतं की बाळ्यानं भट्टीवरून काढून पंपाला जोडलेल्या चकचकीत नळ्या तिच्याच होत्या, डेअरीच्या भंगारातून निवडून आणलेल्या. आता त्यांत काळे गोळे अडकून बसले होते. ती छिन्नी-हातोडा घेऊन एकेक टवका उडवायची. पहिल्या घावाला शिवी द्यायची, दुसऱ्याला हसायची. समोर भाऊ टवके गोळा करत असायचा. बोलणं कमीच.

एकदा तो वाकलेला असतानाच म्हणाला, "ताई, तू खरं सांगत होतीस."

"हो."

"मग ओरडली का नाहीस?"

ताईची छिन्नी थांबली. हे तिनं मनात नाना परींनी ऐकलं होतं, पण इतक्या बारीक आवाजात नाही. तिनं भावाच्या डाव्या पायाकडं बघितलं.

"ओरडावं असं वाटलं नाही," ती म्हणाली आणि पुढचा घाव घातला.

वसंतात भट्टी पुन्हा पेटली. साल सोललेलं लाकूड आलं, गाळणी भिंतीवरून उतरून आपल्या जागी बसली, स्पिरिटचे डबे रांगेत लागले. तलावाचं पाणी तापलं. नगराध्यक्ष फक्त पाय बुडवून बघून गेले. बाळ्या आता वखारीतच असतो, ताईच्या हाताखाली. ती त्याच्यावर ओरडते तेव्हा तो खूश असतो, भराभर कामं करतो. पण अधूनमधून तिला त्या दिवशी विसळलेल्या कपबशा आठवतात. मग ती भट्टीतून काढून ठेवलेल्या गाळणीकडं बोट दाखवते आणि आवाजात साखर विरघळवते.

"राजा, तेवढी गाळणी उचलून दे रे. गार झालीय हं."

बाळ्या हात पुढं करतो. हात मागं घेतो. गाळणीभोवती एक फेरी मारतो, वास घेतो, लांबून फुंकर घालतो. आणि मग तिथंच उभा राहतो, जेवणाची घंटा होईपर्यंत.

ती गार असते. दर वेळी.